वेअरेबल्स २०१५ नंतरच आली का? मग कॅल्क्युलेटरवालं घड्याळ काय होतं?

निख्या_हिंजवडी

मंडळी एक वाद सोडवा. ऑफिसात नवीन पोरगा आलाय, हुशार आहे, पण परवा जेवताना ठामपणे म्हणाला की वेअरेबल टेक्नॉलॉजी, म्हणजे अंगावर घालायची यंत्रं, ही २०१५ ला अ‍ॅपल वॉच आलं तेव्हापासूनची गोष्ट, त्याआधी नुसती घड्याळं होती. मी म्हटलं अरे आमच्या वर्गात एकाकडे कॅल्क्युलेटरवालं कॅसिओ होतं, वडील मस्कतला होते त्याचे, गणिताच्या पेपरला सर आधी त्याचं मनगट तपासायचे. तर म्हणतो ते गॅजेट, वेअरेबल नाही. आता हातात घातलेलं होतं ना राव?

पण नंतर मीच विचारात पडलो. कॅल्क्युलेटर होता, फोन नंबर साठवणारं घड्याळ होतं, टीव्हीवालं घड्याळ पण निघालेलं म्हणे. मग हे सगळं ८० च्या दशकातच होतं तर तेव्हा घरोघरी का नाही पोचलं, आणि आता भाजीवाल्या मावशींच्या हातात पण स्मार्टवॉच दिसतंय ते नेमकं कशामुळे? नुसतं स्वस्त झालं म्हणून, की अजून काही?

दुसरं जरा घरचं. बाबा ६८ चे, बीपीची गोळी चालू. त्यांना ईसीजी, बीपी, शुगर सगळं दाखवणारं घड्याळ हवंय, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात पाठवलीये. त्यावर विश्वास ठेवायचा का?

सर्किट_काका

निखिल, तुझा पोरगा चुकतोय पण पूर्ण चुकत नाहीये, सांगतो कसं ते. मी भोसरी एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्समध्येच आयुष्य काढलं त्यामुळे जरा लांबेल, चहा घेऊन बस.

डिजिटल घड्याळ पहिल्यांदा विकायला आलं १९७२ मध्ये, हॅमिल्टनचं पल्सर. सोन्याचं, किंमत २१०० डॉलर. लाल एलईडीचे आकडे. आणि गंमत काय, एलईडीला करंट इतका लागायचा की आकडे कायम लावून ठेवले असते तर सेल कधीच बसला असता, म्हणून बटण दाबलं तरच वेळ दिसायची. म्हणजे एका हातात पिशवी असली की वेळ बघायची सोय नाही! २१०० डॉलर देऊन!! आमची चावीची एचएमटी बरी की मग.

त्यातून सुटका केली एलसीडीने. एलसीडी स्वतः उजेड पाडत नाही, आलेला उजेड अडवते किंवा सोडते एवढंच, त्यामुळे करंट अगदी नगण्य. सेकोने १९७३ ला सहा आकडी एलसीडी घड्याळ काढलं आणि एलईडीवाल्यांचा खेळ ७० चं दशक संपेपर्यंत आटोपला. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू १९८९ चं आहे, एका सेलवर सात वर्षं, आजही नवीन मिळतं. हे लक्षात ठेव कारण पुढची सगळी गोष्ट करंटचीच आहे.

मग सगळ्यांना वाटायला लागलं की आता घड्याळात काय वाट्टेल ते घालू. पल्सरच्या कॅल्क्युलेटर घड्याळाची बटणं एवढी बारकी की पेनाच्या टोकाने दाबायची, कॅसिओने १९८० ला सी-८० काढलं त्यात बोटाने दाबता येतील अशी दिली म्हणून ते चाललं. १९८२ ला सेकोचं टीव्ही घड्याळ आलं जपानात. पण घड्याळात फक्त पडदा हां, टीव्हीचा रिसीव्हर वेगळा डबा, तो खिशात ठेवायचा आणि वायर बाहीतून मनगटापर्यंत. कोण घालणार ते? १९९४ ला टायमेक्सने मायक्रोसॉफ्टबरोबर डेटालिंक काढलं, ते माझं सगळ्यात लाडकं. कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर घड्याळ धरायचं, पडद्यावर पांढऱ्या रेघा लुकलुकायच्या आणि घड्याळावरचा डोळा त्या वाचून फोन नंबर, अपॉइंटमेंट भरून घ्यायचा. केबल नाही काही नाही. काय डोकं आहे बघ! नासाच्या अंतराळवीरांनी पण वापरलंय. पण ते चालायचं जुन्या डब्बा मॉनिटरच्या रेघांवर, सपाट पडदे आले आणि युक्तीच मेली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ह्या सगळ्यांत घड्याळाला माहिती द्यायचं काम माणसाच्या बोकांडी होतं. नंबर तू टाइप करायचे, गणित तू घालायचं, आणि बदल्यात ते तुला तेच परत दाखवणार. खिशात डायरी असताना हा उपद्व्याप कोण करतो. आजचं घड्याळ तुला काही विचारतच नाही, तू चालतोस ते मोजतं, झोपतोस ते मोजतं. फरक तिथे आहे. किंमत नंतर आली.

खाडिलकर_रोडचा_वाघ

काका एक नंबर 🙏 आमच्याकडे हे सगळं मुंबईच्या मनीष मार्केटहून यायचं, बिल नाही गॅरंटी नाही, "साब जापान का माल". पावसात भिजलं की जापान संपला.

वॉकमन का सोडला पण? १९७९ चा सोनीचा वॉकमन, कमरेला लावून लोक जॉगिंग करायचे. तो वेअरेबल नाही का?

सर्किट_काका

कमरेला तर किल्ल्यांचा जुडगा पण लावतात. पण ठीक आहे, मान्य करतो, अंगावर वागवून चालता फिरता वापरायची इलेक्ट्रॉनिक वस्तू लोकांच्या सवयीची झाली ती वॉकमनमुळेच. कानात काहीतरी घालून रस्त्याने जाणारा माणूस त्याआधी फक्त बहिरा समजला जायचा.

सीमा_टेक्निशियन

काकांच्या शेवटच्या वाक्यावरूनच सुरू करते. मी कार्डिऑलॉजीत ईसीजी आणि होल्टर (अंगावर लावून फिरायचा ईसीजी रेकॉर्डर) बघते, कोल्हापूर. तुम्ही सगळे घड्याळाच्याच मागे लागलाय पण माझ्या मते वेअरेबलचं खरं घराणं आजारी माणसांचं आहे, घड्याळवाल्यांनी ते खूप नंतर उचललं.

कानाचं मशीनच घ्या. ट्रान्झिस्टर वापरलेली लोकांना विकत मिळणारी पहिली वस्तू रेडिओ नव्हती, कानाचं मशीन होतं, सोनोटोन, १९५२ चा शेवट. रेडिओ दोन वर्षांनी आला. आपल्याकडे म्हातारी माणसं सदऱ्याच्या खिशात डबी आणि कानापर्यंत वायर अशी फिरायची ती आठवत असतील सगळ्यांना, लग्नात स्पीकर सुरू झाला की डबीचं बटण बंद करून शांत बसायची 😄 ती माणसं तुमच्या त्या हिंजवडीच्या पोराच्या कितीतरी आधी वेअरेबल वापरत होती.

मग पेसमेकर, हृदयाचे ठोके नीट पाडून देणारं यंत्र. आधीचे पेसमेकर भिंतीच्या प्लगवर चालायचे, म्हणजे पेशंट वायरच्या लांबीएवढाच हिंडणार. १९५७ च्या ऑक्टोबरात मिनियापोलिसला वीज गेली, तिथे डॉ. लिलेहाय लहान मुलांची हार्ट सर्जरी करायचे, त्यांनी हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकनला सांगितलं की बॅटरीवरचं काहीतरी कर. त्याने एका मासिकात छापलेलं मेट्रोनोमचं सर्किट घेतलं, संगीतवाले ताल धरायला वापरतात ना ते, आणि त्यावरून अंगावर बांधता येईल असा छोटा पेसमेकर महिन्याभरात बनवला. बॅकनची कंपनी म्हणजे मेडट्रॉनिक.

आणि आमचा होल्टर! नॉर्मन होल्टर हा अमेरिकेत मोंटानाचा. चालत्या फिरत्या माणसाचा ईसीजी रेडिओने पाठवायचा म्हणून त्याने ४० च्या दशकाच्या शेवटी जे यंत्र केलं ते पाठीवर घ्यायचं होतं आणि वजन होतं ३८ किलोच्या आसपास. तांदळाचं पोतं घेऊन ईसीजी. आज मी पेशंटला जो रेकॉर्डर लावते तो काडेपेटीएवढा आहे तरी लोक विचारतात मॅडम हे घेऊन झोपायचं कसं.

घड्याळातल्या हिरव्या दिव्याचं पण सांगते कारण ते ९० टक्के लोकांना माहीत नसतं. रक्त हिरवा उजेड चांगला शोषतं. ठोका पडला की मनगटात रक्त जरा वाढतं, तेव्हा परत येणारा उजेड कमी होतो, मग परत वाढतो, तो चढउतार मोजायचा की झाले ठोके. ही कल्पना १९३० च्या दशकातली आहे. रक्तातला ऑक्सिजन मोजायला लाल आणि इन्फ्रारेड असे दोन उजेड लागतात, ते काम जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७४ ला मांडलं, कोविडात सगळ्यांनी बोटाला लावलं ना त्याचं मूळ ते. म्हणूनच पट्टा सैल असला, हात सारखा हलत असला की घड्याळ काहीही दाखवतं, बाहेरचा उजेड आत शिरतो. गोंदलेलं असेल तिथेही घोळ होतो.

पळता_भुई

ताई मस्त. मी पळणाऱ्या जमातीतला, साताऱ्याची हिल मॅरेथॉन करतो दरवर्षी (शेवटच्या घाटात दरवर्षी शिव्या पण देतो). खेळाडूंचं राहिलंच की तुमचं.

फिनलंडमधल्या पोलरने १९८२ ला वायरलेस हार्ट रेट मीटर काढला. छातीला पट्टा, मनगटावर घड्याळ. बर्फात स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंसाठी, कारण थंडीत हातमोजे काढून नाडी कुठे बघत बसणार. तो पट्टा खराखुरा हृदयाचा करंट मोजतो, हिरवा दिवा नाही, म्हणून इंटरव्हल (आलटून पालटून जोरात-हळू पळणं) करताना मी अजूनही छातीचा पट्टाच लावतो. मनगटावरचं चढावर कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजून मोकळं होतं, १६० ची पावलं आणि १६० चे ठोके, त्याला काय कळतंय.

आणि ते दहा हजार पावलांचं! ते कुठून आलं माहितीये? १९६५ ला जपानात यामासा कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, नावच मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. टोकियो ऑलिंपिक नुकतंच झालेलं, लोकांना व्यायामाचं वेड. आकडा गोल होता, चांगला दिसत होता, बस. त्यामागे कुठली मोठी वैद्यकीय चाचणी नव्हती. २०१९ ला अमेरिकेत वयस्कर बायकांवर जो अभ्यास छापून आला त्यात ४४०० पावलं चालणाऱ्यांचाच मृत्यूचा धोका २७०० वाल्यांपेक्षा बराच कमी दिसला आणि ७५०० च्या पुढे फारसा फायदा वाढलाच नाही. पण आमच्या सोसायटीत रात्री साडेअकराला काका लोक पार्किंगमध्ये गोल गोल फिरतात, घड्याळ थरथरल्याशिवाय झोप नाही.

टोरांटोचा_पाहुणा

इथे टोरांटो युनिव्हर्सिटीत स्टीव्ह मान म्हणून प्रोफेसर आहेत, त्यांचं नाव कुणीच नाही घेतलं. ८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे गृहस्थ अंगावर कॉम्प्युटर, डोळ्यापुढे छोटा पडदा आणि कॅमेरा लावून फिरतात. पुढे एमआयटीत असे वागणाऱ्यांची टोळीच झाली, त्यातला थॅड स्टार्नर १९९३ पासून रोज घालायचा आणि नंतर गूगल ग्लास ह्या कॅमेरा-पडदावाल्या चष्म्याच्या टीममध्ये गेला.

अजून मागे जायचं तर १९६१. एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन (हो तोच इन्फर्मेशन थिअरीवाला) ह्या दोन गणित्यांनी लास व्हेगासला रूलेट जिंकायला सिगारेटच्या पाकिटाएवढा कॉम्प्युटर बनवला. बुटात स्विच, अंगठ्याने चाकाची आणि गोळीची वेळ मोजायची आणि कानात सूर वाजायचा, सुरावरून कळायचं कुठल्या भागात पैसे लावायचे. चालला, पण कानापर्यंतची वायर केसासारखी बारीक, सारखी तुटायची. म्हणजे पहिल्याच वेअरेबल कॉम्प्युटरपासून वायरचा त्रास 😂 आणि हेतू काय तर जुगार! सेमिनारमध्ये हे कुणी सांगत नाही.

गूगल ग्लास मात्र वेगळ्या कारणाने आपटला. १५०० डॉलर, २०१३. यंत्र बरं होतं पण समोरच्याला वाटायचं हा माझं शूटिंग करतोय. इथे बारमधून हाकलायचे लोकांना. २०१५ ला सामान्य लोकांसाठी विक्री बंद.

निख्या_हिंजवडी

अरे काय धागा झालाय! पोराला लिंक पाठवली, गप्प आहे.

काका, पण मधलं राहिलं. टीव्ही घड्याळाची वायर आणि रूलेटची वायर, ठीक आहे, वायर गेली आणि सेन्सर आले. पण कधी आणि कसे? आणि २००० ते २०१० मध्ये काय चाललं होतं, मला त्या काळातलं काहीच आठवत नाही, नोकियाशिवाय.

सर्किट_काका

नोकियाच आठवणार. त्या काळात मायक्रोसॉफ्टने २००४ ला स्पॉट म्हणून घड्याळं आणली. एफएम रेडिओच्या लहरींवरून बातम्या, हवामान, शेअरचे भाव घड्याळावर यायचे, वर्षाची वर्गणी भरायची, आणि चालायचं फक्त अमेरिका कॅनडात. एकतर्फी कारभार, घड्याळ परत काही पाठवू शकत नव्हतं. गेलं ते.

सेन्सरची गोष्ट मजेशीर आहे. पावलं मोजायला लागतो अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे हालचाल ओळखणारी चिप. ती कुणी घड्याळासाठी नाही बनवली. ९० च्या दशकात गाड्यांच्या एअरबॅगसाठी बनली, गाडी आपटली हे ओळखायला. सिलिकॉनमध्येच कोरलेला सूक्ष्म वजनाचा तुकडा असतो, झटका बसला की सरकतो, त्याने कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) बदलतो, तो मोजायचा. गाड्यांनी खप वाढवला, मग गेमच्या रिमोटमध्ये गेली, मग प्रत्येक मोबाइलमध्ये, स्क्रीन आडवी झाली की चित्र फिरतं ना ते. मोबाइलच्या खपाने ती मातीमोल भावाची झाली आणि तेव्हा फिटबिटसारख्यांना परवडली, त्यांची खिशाला लावायची क्लिप २००९ ची, ९९ डॉलर.

दुसरं ब्लूटूथ. जुनं ब्लूटूथ करंट खायचं. २०१० ला ब्लूटूथ ४ आलं त्यात लो एनर्जी नावाचा प्रकार होता, बहुतेक वेळ झोपून राहायचं, क्षणभर उठून चार आकडे पाठवायचे, परत झोपायचं. बघ, परत करंटच! २०१२ ला पेबल घड्याळासाठी लोकांनी इंटरनेटवर वर्गणी काढून १ कोटी डॉलरच्या वर पैसे दिले. पडदा कागदासारखा, चार्ज आठवडाभर, आणि डोकं घड्याळात नाहीच, खिशातल्या मोबाइलमध्ये. म्हणजे सेकोच्या टीव्हीचा तो खिशातला डबा आठव, डबा तसाच राहिला, फक्त वायर गेली आणि डबा लोकांनी आधीच आपल्या पैशाने विकत घेतलेला होता. अ‍ॅपलने ह्यानंतर तीन वर्षांनी घड्याळ आणलं. त्यामुळे तुझ्या पोराने २०१५ धरलं ते मी अर्धंच बरोबर म्हणतो, त्यांनी चांगलं केलं, पहिलं नाही केलं.

आपल्याकडे खरं फोडलं ते शाओमीच्या 'मी बँड'ने, २०१५ ला ९९९ रुपयांत. पडदासुद्धा नव्हता, तीन दिवे फक्त. मग दीड-दोन हजारवाले देशी ब्रँड आले आणि २०२२ ला काही काळ भारत स्मार्टवॉचच्या खपात जगात पहिला होता. २०२४ ला खप आपटला पण, ज्यांनी घेतलं त्यातल्या बऱ्याच जणांचं ड्रॉवरमध्ये पडलंय, माझ्या जावयाचं धरून.

खाडिलकर_रोडचा_वाघ

आणि जे घालतात त्यांचा डेटा कुठे जातो ते पण बोला की. २०१७ च्या शेवटी स्ट्राव्हा ह्या पळणं नोंदवायच्या अ‍ॅपने सगळ्या जगाच्या पळण्याचा नकाशा टाकला, २०१८ ला लोकांच्या लक्षात आलं, वाळवंटात काळोखात मधेच उजळ गोल गोल रस्ते, बघतो तर अमेरिकन सैन्याचे तळ! जवान सकाळी कंपाउंडच्या कडेने पळत होते बिचारे.

निख्या_हिंजवडी

हे भारी आहे. सीमाताई, बाबांच्या घड्याळाचं सांगा ना तेवढं. जाहिरातीत लिहिलंय बिना सुईची शुगर, २४९९ रुपये.

सीमा_टेक्निशियन

शुगरवालं अजिबात घेऊ नका. सुई किंवा त्वचेत शिरणारा सेन्सर न वापरता नुसत्या मनगटावरून शुगर सांगणारं एकही घड्याळ किंवा अंगठी मंजूर केलेली नाही असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं मंजूर करणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ ला स्पष्ट बजावलंय. खरे शुगर सेन्सर असतात, दंडाला चिकटवायचे, पण त्यांचा केसाएवढा तंतू कातडीखाली जातो आणि तिथल्या द्रवातली साखर मोजतो, साधारण दोन आठवडे चालतो, महाग आहे. ते डॉक्टर सांगतील तर. पंचवीसशेच्या घड्याळात दिसतो तो आकडा कुठून येतो देव जाणे, आणि त्यावर कुणी इन्सुलिन कमी-जास्त केलं तर जिवावर बेतेल.

ईसीजी चांगल्या घड्याळातला खरा असतो. मागच्या बाजूने एका हाताचा आणि बटणावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं की दोन हातांमधलं सर्किट पूर्ण होतं, पण ती एकच लीड, म्हणजे हृदयाकडे एकाच दिशेने बघणं, आम्ही हॉस्पिटलात १२ काढतो. ठोके अनियमित पडतायत का, एट्रियल फिब्रिलेशन, हे ओळखायला उपयोगी. हार्ट अटॅक त्यात कळत नाही, ते कंपन्या स्वतःच लिहितात. छातीत दुखतंय आणि घड्याळ सगळं नॉर्मल म्हणतंय म्हणून घरी बसणारे पेशंट मी बघितलेत, म्हणून जरा जोरात सांगते.

बीपी दाखवणारी बहुतेक घड्याळं उजेडावरून अंदाज बांधतात आणि त्यातल्या चांगल्यांना सुद्धा दर महिन्याला दंडाच्या मशीनवर मोजून आकडा जुळवून द्यावा लागतो. मग सरळ दंडाचंच मशीन घ्या ना. पाच मिनिटं टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीत, पट्टा सदऱ्यावरून नाही उघड्या दंडावर, आणि मोजताना बोलायचं नाही. वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा.

निख्या_हिंजवडी

थँक्यू ताई. दंडाचं मशीन मागवलं. बाबा म्हणतायत ते घालून कट्ट्यावर कसं जाणार.

पळता_भुई

कट्ट्यासाठी साधा बँड घेऊन द्या, पावलं मोजतील. फक्त दहा हजारचं टार्गेट सेटिंगमधून सहा करून ठेवा, त्यांना सांगू नका.